मच्छरदाणीतली पिल्लं

घोडेगावाहून शाळेत शिकवायला जाताना डिंभे धरणाच्या काठी एक माणूस रोज दिसायचा. जुन्या मच्छरदाणीने माशांची बोटाएवढी पिल्लं धरायचा. मासेमारांच्या सोसायटीने पावसाळ्यात सोडलेलं ते बीज; वाढेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. उकिडवा बसला की त्याला उठता यायचं नाही. मग एका हाताने दुसरा हात वर उचलून तो करंजाची फांदी धरायचा. लोक म्हणायचे, दारू.

एकदा मी चिडलोच. "अहो, पिल्लंच खाल्लीत तर धरणात उरणार काय?"

"गुरुजी, दारूचा थेंब न्हाई घेतला कदी. डॉक्टर म्हणला, अंगातली सूज आपल्याच मांसाला खाती. मोठं जाळं वढंना, म्हणून सोसायटीनं होडी काढून घेतली. आता माज्यानं हीच धरवत्यात, ज्यांना पळायचा जोर नाय."

पुढच्याच आठवड्यात सोसायटीवाल्यांनी त्याची मच्छरदाणी जाळली. त्यानंतर तो दिसला नाही.

पुढच्या पावसाळ्यात बीज सोडायच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. नारळ फोडून सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "यांना जपा रं, अजून अंगात जोर नाय त्यांच्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.