तिसरी मागणी

आमच्या सायकल-मार्गाच्या पत्रकात सहा मागण्या होत्या. तिसरी मी लिहिली होती, आणि तिच्यातला एक शब्द मीच बदलला होता. हे आधी सांगून टाकते, कारण नंतर बरेच दिवस मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पत्रकं लिहायला मी चाळीतच शिकले. डिलाईल रोडवर आमच्या चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. कुणी गेलं, उद्या पाणी नाही, विहारात संध्याकाळी वंदना आहे, सगळं त्याच्यावर खडूने लिहिलं जातं. खाली लिहिणाऱ्याने आपलं नाव टाकायचं, हा जुना नियम. बिननावाचा मजकूर कुणीही पुसू शकतो. नाव असलेला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पुसत नाही. माझं अक्षर बरं म्हणून दहावीपासून तो फळा माझ्याकडे आला. थोडक्यात, लांबून वाचता येईल असं आणि वाचणारा थांबेल असं लिहायचं, ही सवय तिथली.

सायकलचा विषय मात्र पप्पांमुळे आला. पप्पा परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहेत. सकाळी सातची ड्युटी. उजवा गुडघा झिजलाय. चालताना प्रत्येक पावलाला दुखतं, पेडल मारताना फारसं दुखत नाही. करी रोडच्या पुलाचा चढ लागला की ते उतरतात आणि हँडलवर भार टाकून चालतात. तेवढ्यापुरती सायकल म्हणजे काठीच. ती आजोबांची, गिरणीत असताना घेतलेली. चेनकव्हरवर पेंटरकडून नाव काढून घ्यायची तेव्हा पद्धत होती. आजोबांचं नाव अजून वाचता येतं, पांढऱ्या रंगात.

आजोबांना गिरणी बंद झाली तेव्हा घरी बसवलं. पप्पांना तसं घरी यायचं नव्हतं. दोन वर्षं नोकरी राहिली होती. शेवटच्या दिवसापर्यंत ड्युटी करून, हार घालून घेऊन, आपल्या पायाने बाहेर पडायचं, एवढीच त्यांची इच्छा. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होती.

एका सकाळी पुलाच्या उतारावर कडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार फाडकन उघडलं आणि पप्पा आपटले. खांद्याला टाके पडले. मोटारवाला म्हणाला, "काका, बघून चालवा ना." त्या वाक्यावर माझी चळवळ सुरू झाली, हे लपवण्यात अर्थ नाही.

सोबतीला कॉलेजपासूनचा मित्र होता, गिरगावातल्या फणसवाडीचा. तो तिथून लोअर परळच्या ऑफिसात सायकलने येतो. आम्ही दोघांनी पत्रक तयार केलं. माझी तिसरी मागणी अशी होती : 'रस्त्याच्या कडेला बेकायदा उभ्या केलेल्या मोटारी तातडीने हटवा.'

त्याने कागद वाचला. "हे 'मोटारी' काढ."

"का रे?"

"टॉवरमधल्या सोसायट्यांच्या सह्या पाहिजेत ना आपल्याला? त्यांच्याच गाड्या लागतात तिथे. स्वतःच्या विरुद्ध सही कोण करेल, सांग?"

"मग काय लिहू?"

"असं लिही की ज्याला जे समजायचं ते समजू दे."

मला सह्या हव्या होत्या. मी 'मोटारी' खोडलं आणि 'अडथळे' लिहिलं. वाक्य आटोपशीर झालं. मला ते आवडलंसुद्धा.

छापायच्या आधी पप्पांना दाखवलं. ते चष्मा लावून सगळं वाचतात, औषधाच्या बाटलीवरचंही. तिसऱ्या मागणीवर बोट ठेवून थांबले.

"बाय, कडेला तर आमच्या सायकली पण असतात."

"त्या कुठे अडथळा आहेत, पप्पा?"

"ते तुला माहीत. वाचणाऱ्याला?"

मी म्हटलं, लोक इतके मूर्ख नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि कागद परत दिला.

सह्या भरपूर झाल्या. टॉवरमधली रविवारी सकाळी महागड्या सायकली काढणारी माणसं खूश होऊन सही करायची. आम्ही वॉर्ड ऑफिसात गठ्ठा दिला, पोच घेतली, फोटो काढला.

दोन महिन्यांनी मंगळवारी दुपारी पालिकेची गाडी आली. मी कामावर होते. पप्पा ड्युटीवरून येऊन, चाळीसमोरच्या रेलिंगला साखळी लावून, वर जेवायला बसले होते. खाली आवाज झाला, पण गुडघ्यामुळे त्यांना उतरायला वेळ लागला. तोवर साखळ्या कापून रेलिंगच्या सगळ्या सायकली ट्रकमध्ये फेकल्या होत्या. मोटारी होत्या तिथेच. मोटार उचलायला ट्रॅफिकवाले लागतात, क्रेन लागते, मालकाशी भांडण होतं. सायकलला दोन माणसं पुरतात, आणि मालक तिसऱ्या मजल्यावरून उतरेपर्यंत काम संपतं.

संध्याकाळी मी चाळीत शिरले तेव्हा शेजारची मालवणी मावशी फळ्यापाशी उभी होती. तिच्या नवऱ्याची पाव टाकायची सायकलही गेली होती.

"काय गो, झालो मा तुझो रस्तो मोकळो?"

मी जिन्याकडे वळले. बोलता येतं, म्हणून तर मला सगळीकडे पुढे करतात.

पप्पा दुसऱ्या दिवसापासून चालत जायला लागले. पावणेसहाला निघायचे. तिसऱ्या दिवशी मी मागोमाग गेले. पुलाच्या चढावर ते दर दहा पावलांना कठडा धरायचे, आणि कुणी ओळखीचं दिसलं की खाली गाड्या बघितल्यासारखं करायचे. हॉस्पिटलच्या दारात वळून मला म्हणाले, "आता आलीस तर आत ये, चहा पी." आतल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबांना आता झेपत नाहीये गं. लवकर रिटायर व्हायचा अर्ज देतात का बघ ना." मी चहा ठेवून निघाले.

शनिवारी पप्पा आणि मी पालिकेच्या गोडाऊनवर गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये हातगाड्या, शेगड्या, छत्र्या, आणि त्यांच्याखाली सायकली. टेबलाशी एक क्लार्क होता.

"बिल आणलंय, मॅडम?"

"आजोबांच्या वेळची सायकल आहे. बिल कुठून आणू?"

"मग तुमची कशावरून?"

मी चेनकव्हर पुसून नाव दाखवलं, आणि शेजारी पप्पांचं आधार कार्ड धरलं. पप्पांच्या नावात मधे तेच नाव आहे. तो दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, "देतो. पण आमच्यावर राग धरू नका. तक्रार नागरिकांचीच आहे." त्याने फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. आमचं पत्रक. तिसऱ्या मागणीखाली लाल पेनाने रेघ, आणि पहिली सही माझी.

पप्पांनी ते बघितलं. टेबलाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "साहेब, पुढं काय करायचं ते सांगा."

हमीपत्र द्यायचं होतं : सायकल यापुढे सार्वजनिक रस्त्यावर उभी करणार नाही. ते मी लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात. पप्पांनी सही केली. शेजारच्या काकांच्या पावाच्या सायकलचा मात्र सांगाडा उरला होता. काकांची पाटी आता डोक्यावर असते.

त्या रात्री मित्राला फोन केला. तो म्हणाला, "ही वॉर्डवाल्यांची चालबाजी आहे, आपण निषेधाचं पत्रक काढू." चालबाजी होतीच. पण त्यांना जागा मी करून दिली होती. तसं त्याला सांगितलं तर म्हणाला, "सुचवलं मी होतं गं."

सकाळी मी फळा पुसला आणि लिहिलं : 'आपल्या सायकली आमच्या पत्रकातील मागणीमुळे उचलल्या गेल्या. मूळ मागणी मोटारींबद्दल होती. सह्या मिळाव्यात म्हणून तो शब्द मी काढला.' खाली नाव टाकलं. पाण्याला उतरलेल्या बायका वाचत होत्या. मावशीनेही वाचलं. कळशी भरून वर गेली.

नवीन पत्रकात पहिली मागणी मोटारींची आहे, दुसरी चाळींसमोर सायकल लावायला लोखंडी स्टँडची. टॉवरमधल्या सह्या निम्म्याहून कमी झाल्या. वॉर्डाचं उत्तर अजून नाही. मोकळ्या केलेल्या कडेला रेलिंगपर्यंत मोटारी लागतात.

सायकल आता आमच्या दारात, तिसऱ्या मजल्यावर असते. पप्पांना ती घेऊन जिना चढता-उतरता येत नाही, म्हणून सकाळी साडेसहाच्या आत मी खांद्यावर घेऊन खाली आणते आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून येऊन वर नेते. मोहिमेच्या सकाळच्या बैठकांना मी जात नाही. उतरताना पप्पा मागून कॅरिअरला हात लावतात. वजन काही त्याने कमी होत नाही, उलट वळणावर ओढ बसते. मी त्यांना सोडा म्हणत नाही. नोकरीचे अजून एकवीस महिने आहेत.