डिपोज या शब्दाचे दोन अर्थ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगतोय.

तंजावरच्या एका खासगी शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. सरोजाअक्का मुख्याध्यापिका. आमच्यातल्याच — घरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं. त्यांच्यानंतर शाळेत ज्येष्ठ मीच. हे मी रोज मनात घोळवायचो — आता कशाला लपवू?

एका दुपारी नाचाची तालीम संपवून उतरताना एक मुलगी जिन्यावरून पडली. हात मोडला. मागून कुणाचा तरी हात लागला, एवढंच तिला आठवत होतं. मागे अक्का होत्या. त्यांनीच ढकललं म्हणून तिच्या वडिलांनी गहजब केला. चौकशी बसली.

मी जिन्याखाली उभा होतो. सगळं पाहिलं होतं मी! पोरीचा पाय घसरला आणि अक्कांनी हात पुढे केला — तो धरायला. धरायला, हो!

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "तू होतास ना तिथं? मग मला घोर नाही. पाहिलंस ते सांग, बस्स."

चौकशी चालवायला पापनाशमहून वकील आले होते. मला म्हणाले, "यू मे डिपोज, सर." डिपोज म्हणजे साक्ष देणं. आणि डिपोज म्हणजे पदावरून खाली खेचणं. इंग्रजीचा मास्तर मी — दोन्ही अर्थ एकदम डोक्यात उजळले, आणि... कसं सांगू? लग्नातल्या तविल-ढोलासारखं काळीज वाजायला लागलं. अक्का माझ्याकडे पाहत होत्या. निर्धास्त.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. "मला काही दिसलं नाही."

अक्कांना काढलं. त्यांची खुर्ची मला मिळाली.

पुढे तिरुवैयारूच्या बसस्टँडवर त्या भेटल्या. मी तोंड चुकवणार, तर स्वतःच जवळ आल्या. "मनाला लावून घेऊ नकोस रे. लक्षच नव्हतं तुझं, तू तरी काय करणार?" — तेव्हा तरी बोललो का? नाही. मान हलवली.

भ्यालो म्हणून खोटं बोललो, असं म्हणू? तेही खोटंच होईल. साक्ष देऊन स्कूटरवरून घरी निघालो तेव्हा मी शीळ घालत होतो. मला आनंद झाला होता. फार आनंद झाला होता.