बेदाण्यासारखा बॉक्स

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. भावाला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

मी सांगलीत खोकी डिझाइन करते. औषधाची, साबणाची, मसाल्याची — आतला माल कुणाचाही असो, वरचं रूप माझं. तीन वर्षांमागं मोठ्या माणसांच्या डायपरचं काम आलं. मालकांची अट एकच होती, घेणाऱ्याला लाज वाटता कामा नये. मीटिंगमध्ये सगळे खाली मान घालून बसले. मी पण. फक्त माझं कारण वेगळं होतं.

आमचे आप्पा, माझे वडील. कोरेगाव तालुक्यातलं गाव, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांना लघवी आवरेना. आप्पा, भाऊ, वहिनी आणि मी, एवढ्या चौघांतच ही गोष्ट होती. मेडिकलवाला पुडकं काळ्या पिशवीत घालून द्यायचा — आणि काळी पिशवी दिसली की पेठेत कुणाला सांगायला लागतं का? म्हणून भाऊ साताऱ्याहून आणायचा. रोज सकाळी इस्त्रीची पँट घालून आप्पा स्टँडसमोर चहाला जायचे. तिथं सगळे पेन्शनर फौजी जमायचे. तो तासभर हेच त्यांचं जगणं होतं. बाकी दिवस नुसता काढायचा.

तर मी बॉक्स केला बेदाण्यासारखा. तोच आकार, तोच सोनेरी-हिरवा रंग, कडेनं वेलीची पानं. बेदाणा हा शब्द कुठंच नव्हता, मालाचं नाव तळाला बारीक अक्षरात. पण आमच्याकडचं कुणीही बघून बेदाणाच म्हणेल. पहिला नमुना, आत डायपर भरून, आप्पांना दिला. त्यांनी उलटापालटा करून बघितला. "लय झ्याक केलंस पोरी. आता उघड्यावं ठिवतो बग," म्हणाले. कपाटात कपड्यांमागं लपवणारा माणूस — त्यांनी तो खरंच खिडकीत ठेवला.

इथंच थांबले असते तर?

पुढच्या महिन्यात भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सांगलीत दिलेली लेक माहेरच्या कार्याला निघाली की बेदाण्याचे बॉक्स घेऊनच जाते. मीही नेले. हॉलमधल्या टेबलावर त्यांची चळत लावली. निघणाऱ्या पाहुण्याला नारळ, टॉवेल-टोपी आणि एक बॉक्स. मग मी नव्या घरातल्या आप्पांच्या खोलीत गेले, तिथंही खिडकीतच ठेवलेला त्यांचा बॉक्स उचलला आणि त्या चळतीत ठेवला. मधोमध. फोटो काढला. ओळखू येत नव्हता — मीटिंगला दाखवायला एवढं पुरे होतं.

फोटो काढून झाल्यावर तो परत नेऊन ठेवायचा होता. मी नेला नाही. बघून कळत नाही, पण हातात घेतल्यावर हलका लागेल का — ही शंका मला महिनाभर खात होती. म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले.

वहिनीनं तो उचलला आणि आप्पांच्या पलटणीतल्या सुभेदारकाकांच्या पिशवीत घातला. नारळासोबत. तिला कळलं नाही, त्यांना कळलं नाही. हाक मारायला किती वेळ लागतो हो? चार पावलांवर होते ते. मी हाक मारली नाही. आणि खरं सांगू — मला आनंद झाला. काम जमलं, असं वाटलं. काका मोटारसायकलला किक मारून गेले, तेव्हा कुठं मला आप्पा आठवले. तरीही मी कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. हसले नाहीत, चारचौघांत विषय काढला नाही, चांगला माणूस. आप्पांना बाजूला घेतलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "गड्या, हे तुझं माझ्याकडं आलं," एवढंच म्हणाले. त्यांच्या घरी तो सुनेनं उघडला होता, नातवंडांसमोर, हे नंतर कळलं.

आप्पांनी चहाला जाणं सोडलं. काका दोनदा बोलवायला आले. गुडघा दुखतोय, असं आप्पांनी आतूनच सांगितलं. त्यांचा गुडघा ठणठणीत होता.

मी सांगलीला निघाले त्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं. "म्याच ठिवला आसंल त्यो तिथं. डोस्कं चालंना आता माजं. तुज्या कामाला बट्टा लावला बग, पोरी. मनावं घिऊ नगंस."

ते माझी माफी मागत होते.

आणि मी काय म्हणाले? "असू द्या आप्पा. होतं असं." मी त्यांना माफ केलं.

डिझाइन पास झालं. मी तो फोटो दाखवला. हातात घेऊनही कळत नाही, हेही सांगितलं. टाळ्या वाजल्या. आता तो बॉक्स बऱ्याच दुकानांत दिसतो, लोक काळ्या पिशवीशिवाय घेऊन जातात. दिसला की मला काही वाटत नाही. वाटायला हवं, हे कळतं. पण नाही वाटत.

आप्पा गेल्या वर्षी गेले. स्टँडवर ते परत गेलेच नाहीत. दिवस झाल्यावर मी आणि वहिनीनं त्यांचं कपाट आवरलं. कपड्यांमागं पाच बॉक्स निघाले. प्रत्येकावर काळ्या मार्करनं, फौजेत पेटीवर नाव घालतात तसल्या मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं — बेदाणा नाही.

वहिनी बघतच राहिली. "असं का वं लिवलं आसंल आप्पांनी, वन्सं?" तिनं विचारलं.

"वय झालं होतं," मी म्हणाले. "विसरायचे ते."