जुन्या नदीवरची शाळा

विजयश्रीला स्पितीहून घरी आणलं तेव्हा तिला चार पायऱ्या चढतानाही धाप लागत होती. सीमाभागातल्या संतपूरकडच्या शेतकऱ्याची ही मुलगी कलबुर्गीत भूगर्भशास्त्र शिकली आणि दोन उन्हाळे हिमालयात हिमोढ बघत हिंडली. हिमोढ म्हणजे हिमयुगातल्या बर्फानं ढकलून आणलेले दगडमातीचे ढिगारे. कुठल्या ढिगाऱ्यावर पुलाचा पाया टिकेल आणि कुठल्याच्या पोटात अजून बर्फ दडलाय म्हणून तो खचेल, हे तिची तुकडी शोधत होती. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या उंचीवर तिच्या फुप्फुसात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तिकडं जायचं नाही.

ती गावातल्या मराठी शाळेत भूगोल शिकवू लागली. शेजारणी विचारायच्या, "आता त्या बर्फाचं काय करायलीस गं?" ती हसून टाळायची आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. एका सकाळी वडील आप्पाराव तिला मांजरा नदीकाठच्या शेतावर घेऊन गेले.

तिथं पुरानं काठ कापून काढला होता. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर, आणि तळाशी गोल गोट्यांचा जाड थर. विजयश्री तिथंच उकिडवी बसली. गोटे चुन्यानं एकमेकांना असे धरून होते की हातानं निघेनात.

"आप्पा, हे आजच्या नदीचे गोटे न्हाईत."

"मग कुणाचे?"

"हिचेच, पण हिमयुगातले. इथं बर्फ नव्हता, पण पाऊसमान पार बदललं होतं. तवा नदी दुसऱ्या वाटंनं जायची."

आप्पाराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. पोरगी कितीतरी दिवसांनी एवढं बोलली होती.

मग ती सुट्टीच्या दिवशी काठानं हिंडू लागली. तोच गोट्यांचा थर गावामागच्या माळावर उघडा पडलेला तिला सापडला.

त्याच साली शाळेची नवी इमारत मंजूर झाली. जुन्या खोल्यांच्या भिंती इतक्या तडकल्या होत्या की फटीतून शेजारचा वर्ग दिसायचा. विजयश्रीचे चुलते धनराज यांनी रस्त्यालगतची जमीन शाळेला दिली होती आणि गावानं त्यांचा सत्कारही केला होता. ती त्यांच्याकडं गेली.

"काका, तुमची जमीन सोयाबीनला सोन्यासारखी हाय. शाळंला न्हाई."

"कामून?" धनराजकाकांचा चेहरा उतरला. "सगळ्या गावापुढं दिलीय मी. आता माघारी घेऊ व्हय?"

"काळी माती पावसात फुगतीय, उन्हाळ्यात आकसतीय. जुनी शाळा तसल्याच मातीवर हाय. माळाखाली जुन्या नदीची खडी हाय, ती हलत न्हाई."

"त्या माळावर शेळ्यासुद्धा थांबत न्हाईत!" म्हणत काका उठून गेले. पुढं बरेच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

इमारतीचे इंजिनिअर प्रशांतकुमार यांनी मात्र तिचं नीट ऐकून घेतलं. काळ्या मातीत पाया फार खोल न्यावा लागेल आणि तेवढ्या पैशांची मंजुरी नाही, हे त्यांनाही खटकत होतं. त्यांनी दोन्हीकडं खड्डे घ्यायला लावले. बघायला धनराजकाकाही आले. काळ्या रानात भेगा खोलवर गेल्या होत्या. एका भेगेत काकांचा हात कोपरापर्यंत गेला. माळावर कुदळ खणखणली आणि उसळून मागं आली.

"इल्ले," प्रशांतकुमार कानडीत म्हणाले, "इथंच बांधू या."

काका हाताची माती झटकत उभे होते. "मग माझ्या जमिनीचं काय?"

"लेकरांच्या जेवणाला भाजी तिथं पिकवू," विजयश्री म्हणाली. "मला त्यातलं कळत न्हाई. तुम्ही बघता का?"

काकांनी वळून रस्त्याकडच्या आपल्या रानाकडं पाहिलं. मग म्हणाले, "वांगी लावू. मेथीबी."

नव्या शाळेवरून आता तीन पावसाळे गेलेत. एका कोपऱ्यात छत गळतं, पण भिंतीला एकही तडा नाही. विजयश्रीनं मांजरेकाठच्या हिमयुगातल्या थरांवर पीएच.डी.साठी कलबुर्गीत नाव नोंदवलंय. गेल्या महिन्यात कोहिनूर गावाहून निरोप आला, पाण्याची टाकी बांधायचीय, बाईंनी जागा बघून सांगावी. धनराजकाकांनी स्वतः गाडी काढली. वाटेत हुमनाबादच्या ढाब्यावर चहाला थांबले, तर काका अनोळखी लॉरीवाल्यांनाही सांगू लागले, "ही माझी पुतणी. जमिनीच्या पोटातलं वाचतीय."

"काका, चहा निवायलाय," विजयश्री म्हणाली. हसू तिला आवरत नव्हतं.