नाव घेते, नाव घेते

“तीन मिनिटं नुसतं ‘नाव घेते, नाव घेते’ करतीय, आन् घेतच न्हाय,” काकू शेजारणीला म्हणाल्या.

हळदीच्या मांडवात आमच्या बँडचं गाणं लागलं होतं आणि त्यातला आवाज काकूंचाच होता. मी मागच्या खुर्चीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

बँड तिघांचा: चुलतभाऊ, माझी शाळेतली मैत्रीण आणि मी. ढोकीला भावाच्या डीजेच्या दुकानावर खोली आहे, तिथं सुरू केलं. गाणारं कुणी नव्हतं, म्हणून सापडतील ते आवाज कापून जोडायचो. साखर कारखान्याचा भोंगा, परंड्याच्या स्टँडवरची घोषणा, तेरखेड्याचे फटाके. पहिली गाणी इंग्रजीत केली. ती आमच्या वर्गानंच ऐकली.

मग माझ्या फोनमध्ये एका जुन्या लग्नातला काकूंचा उखाणा निघाला. तव्यावर भाकरी फुगली टम्म, मग काकांचं नाव, आणि ‘नाव घेते, जरा धरा दम’. नावावर बायका इतक्या हसल्या होत्या की ते ऐकूच येत नव्हतं. भावानं नाव कापलं आणि ‘नाव घेते’ तेवढंच पुन्हा पुन्हा फिरवलं. ठेका झकास बसला. त्या एका गाण्यावर आम्ही लातूर, सोलापूर, पुणे फिरलो.

मधल्या काळात काका गेले.

हळद झाल्यावर सगळ्या बायकांना नाव घ्यायला लावलं. काकूंना कुणी म्हटलं नाही. त्या ताटं पुसत राहिल्या.

रात्री मी दोघांना सांगितलं, गाण्यात काकांचं नाव घालू. भाऊ म्हणाला, चाललेल्या गाण्याला हात लावू नये, आणि काकूंना आता उखाणा घ्या म्हणणार कोण? मैत्रीण म्हणाली, मी नाही विचारणार. एरवी बोलायचं काम त्या दोघांचंच असतं, मी फक्त रेकॉर्डिंग करते. असं विचारलं तर काकू दुखावतील, हे घरात सगळे धरूनच चालतात. मला मात्र मांडवात त्यांची तक्रार ऐकू आली होती, आणि ती रास्त होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मी समोर बसले, फोन मधे ठेवला.

“आता सुपाचंबी गाणं करतीस व्हय?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. मग फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

“काकू,” मी म्हणाले, “नाव घ्या.”