पेटीतली विहीर

"टीचर, तुमच्यासारख्यांना हे नको," म्हापशातला दुकानदार मला तिसऱ्यांदा म्हणाला. "दर महिन्याला थोडे पैसे भरा, फोटो इंटरनेटवर राहतील. घरात कटकट कशाला?"

मला कटकट घरातच हवी होती. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताखाली. मी नॅस घ्यायला आले होते आणि नॅस घेऊनच जाणार होते.

नॅस म्हणजे एक पेटी. पावाच्या दोन लाद्या एकीवर एक ठेवल्या तर होईल एवढीच. ती राउटरला जोडायची, मग घरातल्या सगळ्या मोबाईलचे फोटो तिच्यात जातात आणि हवे तेव्हा टीव्हीवर लावून बघता येतात. आत दोन डिस्क असतात. एकीवर जे लिहिलं जातं ते दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. दुकानदाराने एकाच डिस्कची स्वस्तातली पेटी पुढे केली. मी ती मागे सारली.

"एवढं काय ठेवायचंय तुम्हाला?"

"विहीर," मी म्हटलं.

तो हसला. मी हसत नाही हे बघून त्याने मुकाट्याने दोन डिस्कची पेटी फळीवरून खाली काढली.

आमचं घर डिचोली तालुक्यात. घरामागे कुळागर: सुपारी, केळी, थोडे माड, आणि त्या सगळ्यांना पाजणारी एक चिऱ्यांची विहीर. कुळागरामागे डोंगर, डोंगरापलीकडे खाण. त्याच खाणीवर नवरा स्वतःचा ट्रक चालवतो, खनिज नेऊन धक्क्यावर ओततो. आमच्या घरात भात शिजतो तो त्या ट्रकवर आणि माझ्या प्राथमिक शाळेच्या पगारावर. हे मी कधी नाकारलं नाही. पण एका सकाळी कळशी वर आली ती लाल पाण्याने भरून. खाणीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "माती आहे, बसेल." माती खाली बसली खरी, पण त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नाही.

मला राग आला आणि त्या रागात मी मोबाईलने विहिरीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच. पोदेर सायकलवरून पाव देऊन गेला की विहिरीवर जायचं, आत वाकायचं, एक फोटो. आतल्या चिऱ्यांचे थर मोजता येतात. सुरुवातीला वरचे सात थर कोरडे आणि खाली पाणी. पुढे पाणीच आटायला लागलं, कोरडे थर नऊ झाले. मग बारा. माझं माहेर पेडण्याचं. तिथे सड्याखाली आमच्या लहानपणी एक झर होती, आम्ही ओंजळीने तिचं पाणी प्यायचो. आज हे सांगितलं तर भाचरं म्हणतात, आत्या, काहीतरीच सांगतेस. आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही, त्या झरीचा एक फोटो कोणी काढला नाही. विहिरीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

नवऱ्याला हे मुळीच आवडत नव्हतं.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये गो," तो म्हणायचा.

"पाणी राहिलं तर ना," मी म्हणायचे. मग तो खांद्यावर फडकं टाकून ट्रक पुसायला निघून जायचा.

पेटी घरातच हवी याला कारण होतं. वाड्यावरच्या एका शेजाऱ्याने आपल्या शेतात आलेल्या खाणमातीचे फोटो काढले होते. कोणीतरी येऊन तपासणीसाठी म्हणून त्याचं मेमरी कार्ड मागितलं आणि या भल्या माणसाने ते दिलं. कार्ड गेलं ते गेलं. घेऊन जाणारा कोण होता, हेही त्याला धड सांगता येईना. तेव्हाच मी म्हटलं, आपली वस्तू आपल्या घरात.

पेटी मी पुढच्या खोलीत, उघड्या जनेलापासून लांब, कपाटावर ठेवली. पण खाणीची धूळ तिथेही पोचायची. आठवड्याभरात पेटीच्या जाळीवर लाल थर चढायचा, तो मी रंगकामाच्या ब्रशने झाडायचे. ऊब लागते म्हणून मुंग्या तिच्यात बिऱ्हाड करायला आल्या, तर मी चारी बाजूंनी हळदीची रेघ ओढली. विजेचा भरवसा नाही म्हणून तिला इन्व्हर्टरवर घेतलं आणि नवऱ्याचा पंखा इन्व्हर्टरवरून काढला.

"म्हणजे मी घामाने भिजलो तरी चालेल, तुझ्या पेटीला करंट हवा."

"हवाच," मी म्हटलं. तो आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मीही कामापुरतंच बोलले.

विहिरीसाठी मी खाणीविरुद्ध सरकारी कचेरीत तक्रार दिली होती, तिची मग तिथल्या साहेबांपुढे सुनावणी लागली. मी पेटीतले फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. खाणीच्या बाजूने एक माणूस आला होता. तो म्हणाला, ही विहीर पहिल्यापासूनच उन्हाळ्यात अशी आटते. मी म्हटलं, हातच्या कंकणाला आरसा कशाला, हे बघा फोटो. साहेबांनी खरंच बघितले, घाई न करता, एकेक उघडून. आणि म्हणाले, "बाई, अलीकडचे ठीक आहेत. पण पहिल्या तीन वर्षांचे म्हणून तुम्ही देताय, त्या सगळ्यांवर एकच तारीख आहे."

अलीकडच्या फोटोंत नुसता तळ दिसत होता. पाणी खाली गेलं ते त्या तीन वर्षांत. म्हणजे जे सिद्ध करायचं होतं, नेमकी त्याचीच तारीख माझ्याकडे नव्हती.

चूक माझीच. जुना मोबाईल अधूनमधून बंद पडायला लागला तेव्हा मी त्यातले फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवले होते, तांबड्या भाजीच्या जुड्या बांधाव्यात तसे तीस-तीसचे गठ्ठे करून. मग ते नव्या मोबाईलवर उतरवले आणि तिथून पेटीत. ग्रुपवरून फिरून आलेल्या फोटोची मूळ तारीख गळून जाते आणि उतरवून घेतल्याची तेवढी राहते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं. जुना मोबाईल तोवर भंगारात गेलेला. पेटीने जे मिळालं ते इमानाने जपलं, दोन्ही डिस्कांवर. कागदोपत्री मी एकाच मंगळवारी विहिरीचे हजारभर फोटो काढले होते.

येताना बसमध्ये मी रडले. रडले म्हणजे रडले, त्यात लाज कसली. शेजारच्या बाईने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, विहीर.

साहेबांनी महिन्याभराने पुढची तारीख दिली होती. त्या रविवारी दुपारी नवरा जेवायला बसला आणि मी त्याच्या बातम्या बंद करून टीव्हीवर विहीर लावली. एकामागून एक फोटो.

"हे काय आता?"

"जेवा," मी म्हटलं. "बघत बघत जेवा."

तो मान खाली घालून भातात माशाचं हुमण कालवत राहिला. मी फोटो पुढे नेत राहिले. मध्येच त्याने मान वर केली.

"थांब. मागे जा."

मी मागे गेले.

"ही दोरी माझ्या ट्रकची."

विहिरीच्या कप्पीवर निळी नायलॉनची दोरी होती. त्याच्या आधीच्या सगळ्या फोटोंत सुंभाची. मी रोज ती विहीर बघत होते, पण मला दिसायचे ते चिरे. दोरीकडे माझं लक्षच नव्हतं.

"ताडपत्री बांधायची दोरी ती," नवरा सांगायला लागला. "खाणीवर सगळ्या ट्रकांना नव्या ताडपत्र्या दिल्या, त्यांच्याबरोबरची. आपलं सुंभ तुटलं होतं, म्हणून त्याच संध्याकाळी मी ही कप्पीवर घातली. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला मोठे पंप लावले, त्याच आठवड्यात. शिगम्याच्या आधी. उपशाचं पाणी रस्त्यावर आलं आणि माझा ट्रक रुतला..."

तो बोलता बोलता थांबला. टीव्हीवर निळी दोरी होती आणि सात कोरडे थर. मी पुढचे फोटो लावले. आठ. नऊ. अकरा. पाणी आटलं ते पंप लागल्यावर, हे त्याच्याच तोंडून आलं होतं.

"गप रव गो," तो म्हणाला. मी काहीच बोलले नव्हते.

पुढचे सगळे रविवार आम्ही दोघं टीव्हीपुढे बसलो. ही गणपतीची चवथ, कारण काठावर चुना ताजा आहे. हा आपल्या मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशीचा, कारण नवी कळशी आहे. तो सांगत होता, मी वहीत लिहीत होते. इतकं आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर बोललो नव्हतो. शेवटी मी विचारलं, सुनावणीला येऊन हे सांगाल का?

"ट्रिप कोण देणार मला मग? तुझी पेटी?"

मी म्हटलं, ठीक आहे, मी एकटी जाते.

गेलेही एकटी, या वेळी पेटीच पिशवीत घालून. वही पुढे ठेवली तर खाणीचा माणूस म्हणाला, घरी बसून तारखा कोणीही लिहील. तेवढ्यात मागून आवाज आला, "त्या तारखा मी सांगितल्या." नवरा दारात उभा होता, ट्रकवरच्याच कपड्यांत.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"याच खाणीवर ट्रक चालवतो."

त्याने ताडपत्री, दोरी, पंप, रुतलेला ट्रक, सगळं सांगितलं. खाणीच्या माणसाने विचारलं, इतकं बरं लक्षात राहतं तुमच्या? "डोंगर मी वाहिलाय," नवरा म्हणाला. "राहतो लक्षात." कारकुनाने लिहून घेताना विचारलं, तक्रारदार बाईंशी तुमचं नातं काय. तेव्हा कुठे तो म्हणाला, नवरा.

निघताना मला सांगण्यात आलं, पेटी इथे ठेवून जा, तपासून परत देऊ. मी म्हटलं, नक्कल घ्या, हवी तर दहा वेळा घ्या, पेटी घरी जाईल. तासभर बसून मी नक्कल देऊन आले.

निकाल अजून लागलेला नाही. पण खाणीवरच्या ट्रकांच्या यादीतून आमचा ट्रक त्याच आठवड्यात गेला. कारण विचारलं तर म्हणे, ट्रक जुना झाला. त्याहून जुने ट्रक रोज आमच्या दारावरून खनिज भरून जातात. नवरा जेवला आणि झोपला. मला मात्र वाटलं, आता हा माणूस जन्मभर मला हेच ऐकवणार, आणि मला ते ऐकावं लागणार.

सकाळी मी विहिरीवरून परत आले तर तो अंगणात ट्रकसमोर उभा होता, हातात त्याचा मोबाईल. उभ्या ट्रकचा फोटो काढून झाला होता.

"अगो," तो म्हणाला, "हा पेटीत कसा घालायचा ते दाखव. तारखेसकट."