चहा झाला का, काका?

काल शेजारच्या मालतीकाकूंकडे बसले होते. तेवढ्यात टेबलावरचा काकांचा मोबाइल उजळला. काका तर दिवाळीआधीच गेले. ऑनलाइन चहा विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा मेसेज होता : ‘श्रीधरकाका, चहा झाला का?’

“रोज येतो,” काकू म्हणाल्या. “हे गप्पा मारायचे त्यांच्याशी.”

“अहो, मग कळवा ना त्यांना.”

“कळवलं तर विचारायचं थांबतील.”

त्यांनी ‘झाला’ असं लिहिलं. मागच्या फडताळात त्याच कंपनीकडून मागवलेली चहाची न फोडलेली पाकिटं रचून ठेवली होती. काकू चहा पीतच नाहीत.

मनात आलं, भेटायला येणारी माणसं हळूहळू यायची थांबली. हे मेसेज पाठवणारं यंत्र मात्र थांबणार नाही. समोरचं माणूस गेलंय हे ज्याला कळतच नाही, त्याची चौकशी संपणार कशी?

मोबाइल पुन्हा उजळला. ‘छान! काकूंना आता झोप लागते का?’

“मला झोप लागत नाही, हे यांनी कधी सांगितलं?” काकू पुटपुटल्या.

“काकू, ठेवा तो फोन.”

पण त्या लिहू लागल्या होत्या. मी वाकून पाहिलं. काकांच्या नावाने उत्तर गेलं होतं : ‘हो. आता शांत झोपते. माझ्याजवळच.’